मुलीच्या कार्डावर

"तुमचा इन्शुरन्स कधीपर्यंत आहे?"

कॅन्सर हा शब्द उच्चारल्यानंतर डॉक्टरीणबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी त्यांनी सगळं शांतपणे समजावून सांगितलं होतं. मोठ्या आतड्यात गाठ आहे, ती कापून काढावी लागेल, मग किमो. बाई इजिप्तच्या, माझं इंग्रजी कामापुरतं, म्हणून त्या मधूनमधून कागदावर चित्र काढत होत्या. आतडं अगदी एसीच्या डक्टसारखं दिसत होतं. डक्ट साफ करण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे कुठे काय अडकलंय ते मला चटकन कळलं.

"कंपनीचा आहे," मी म्हणालो.

"हो, पण कधीपर्यंत?"

मी बायकोकडे बघितलं. मंगल माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी कळत नाही, पण माझा चेहरा वाचायला तिला भाषा लागत नाही. बाहेर आल्यावर लिफ्टपाशी तिने विचारलं, "काय म्हणाली डाक्टरीण?"

"गाठ आसा."

"वायट?"

मी मान हलवली. तिने माझ्या हातातली फाइल काढून घेतली आणि घरी पोहोचेपर्यंत सोडली नाही.

हे मी लिहितोय ते गल्फमध्ये साठीला टेकलेल्या माझ्यासारख्यांसाठी. आजाराबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. पण उपचार अर्धे झालेले असताना कंपनीचं छत्र गेलं तर माणसाने कुठे जायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

उष्णता

मी कुडाळजवळचा. बहरीनला आलो तो एसी मेंटेनन्सच्या कंपनीत हेल्पर म्हणून, आणि सुपरवायझर होऊन म्हातारा झालो. अमवाजच्या बंगल्यांपासून मनामाच्या जुन्या दुकानांपर्यंत कुठल्या गच्चीवर कुठलं मशीन कसं कुरकुरतं, ते मला तोंडपाठ होतं. माझं स्वतःचं मशीन कुरकुरत होतं तिकडे माझं लक्ष नव्हतं.

रक्त पडायला लागलं तेव्हा मी ठरवून टाकलं, उष्णता झाली. मराठी माणसाला काहीही झालं की आधी उष्णताच होते. त्यातून बहरीनचा ऑगस्ट, पत्र्याच्या गच्च्या, मग शंका घ्यायला जागाच नाही. मंगलने सब्जा भिजवला, गावाहून आलेलं कोकम पाजलं, गुलकंदाची बरणी उघडली. कंपनीच्या खोल्यांवर राहणाऱ्या पोरांनी मूळव्याधीवरचे हमखास उपाय सांगितले. पावसाळाभर, म्हणजे गावाकडच्या पावसाळाभर, आणि वर पुढची थंडीभर मी उष्णता उतरवत बसलो आणि गाठ आतल्या आत वाढत राहिली. तुम्हाला रक्त दिसलं तर सब्जा खुशाल खा, पण डॉक्टरच्या दारात बसून खा.

थंडीचा करंट

ऑपरेशन नीट झालं. छातीत कातडीखाली एक डबी बसवली, तिला पोर्ट म्हणतात, आणि दर पंधरवड्याला किमो सुरू झाली. एकूण बारा घ्यायच्या होत्या. हॉस्पिटलात दिवसभर बाटल्या लटकायच्या, मग कमरेला एक छोटा पंप बांधून घरी पाठवायचे. तो दोन दिवस थेंब थेंब औषध सोडत राही. हमद टाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी तो पंप घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायचो.

या औषधाची एक खोड आहे. थंड काही सहन होत नाही. फ्रिजचं हँडल धरलं की बोटांत करंट लागतो. थंड पाण्याचा घोट घेतला की घसा आवळतो आणि वाटतं, आता श्वास संपला. सगळ्या बहरीनला गारवा पुरवलेला माणूस मी, आणि भर उन्हाळ्यात एसी बंद करून, लोकरीचे हातमोजे घालून बसलो होतो. मंगल घामाने निथळत पोळ्या लाटायची.

किमोच्या खोलीत सिस्टर जिन्सी होती, केरळची. सुई टोचताना ती नेहमी तेच म्हणायची, "अंकल, इधर मत देखो, मेरेको देखो." मी तिच्याकडे बघायचो आणि ती मला ओणमला काय काय रांधतात ते सांगायची. शेजारच्या खुर्चीवर एक बहरीनी आजोबा असत. ते खजूर आणायचे आणि आधी माझ्यापुढे डबा धरायचे. एकदा त्यांनी विचारलं, "कंपनी?" मी म्हटलं, हो, कंपनी. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हुकूमा." म्हणजे त्यांचं सरकार बघतं. मला त्यांचा हेवा वाटला. माझंही एक सरकार होतं, पण मी त्याच्या दारात उभ्या जन्मात गेलो नव्हतो.

इंशाल्ला

चौथ्या किमोनंतर कंपनीतून फोन आला. साठ पूर्ण झाली की करार संपतो, त्याच दिवशी व्हिसा कॅन्सल आणि त्याच दिवशी इन्शुरन्स बंद. बोटांवर हिशोब केला. सातवी किमो इथे होणार होती, आठवी कुठे होणार ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी मालकाकडे गेलो. अबू खालिद माणूस दिलदार. मी त्यांच्या वडिलांच्या काळातला, म्हणून मला बघितलं की उठून उभे राहतात. मी सगळं सांगितलं. ते टेबलावर बोटं वाजवत राहिले आणि म्हणाले, "इंशाल्ला, सदा. मी बोलतो."

गल्फमध्ये राहिलेल्याला माहीत असतं, इंशाल्लाच्या दोन चाली असतात. एकीत काम होतं, दुसरीत होत नाही, आणि कुठली कुठली ते माणसाच्या डोळ्यांवरून ओळखायचं. अबू खालिद माझ्याकडे बघत नव्हते. तरी मी दोन आठवडे आशा लावून बसलो. शेवटी त्यांनी बोलावलं. साठीनंतर विमा कंपनी नाव ठेवायला तयार नव्हती, आणि या आजारासकट तर मुळीच नाही. "मफी फायदा," काही उपयोग नाही, ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचंच सांत्वन करून बाहेर पडलो.

भारतातला कुठला खाजगी विमा हे दुखणं घेऊन आलेल्याला दारात उभं करत नाही. राज्य सरकारच्या योजनेला रेशनकार्ड लागतं, आणि आमची नावं गावच्या कार्डावरून कधीच कमी झालेली. ती परत चढायला किती महिने लागतील, कोणी सांगेना. डॉक्टरीणबाईंना विचारलं, मधे थोडे महिने थांबलो तर? त्या म्हणाल्या, "थांबू नका."

"मी स्पॉन्सर आहे"

आमची एकच मुलगी, अश्विनी. पुण्यात केंद्र सरकारच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे. तिला हे कळलं त्याच संध्याकाळी तिचा फोन आला, आणि आवाजात चक्क आनंद होता.

"बाबा, सिम्पल आहे. माझ्या ऑफिसचं हेल्थ कार्ड आहे ना. मी तुम्हाला आणि आईला डिपेंडंट म्हणून ॲड करते."

मी एकदम म्हणालो, "मी कुणाचा डिपेंडंट? मी स्पॉन्सर आहे."

हसू नका. बहरीनमध्ये जन्म काढलेल्याच्या डोक्यात माणसांचे दोनच प्रकार असतात. जो व्हिसा काढतो तो स्पॉन्सर, आणि ज्याचा निघतो तो डिपेंडंट. मंगल आणि अश्विनी माझ्या डिपेंडंट होत्या, त्यांच्या रेसिडेन्सीवर तसं लिहिलेलंच होतं. मला कोणी त्या रकान्यात घालेल हे माझ्या कानांना खरंच वाटेना.

"ओके, स्पॉन्सरसाहेब," अश्विनी हसून म्हणाली, "पण तुम्हाला इथे राहायला यावं लागेल. आमच्याच घरी. तसा रूल आहे."

इथे माझं दुसरं घोडं अडलं. आमच्यात मुलीच्या घरचं खात नाहीत. नातवंड झालं की ही अट सुटते म्हणतात, पण अश्विनीला अजून मूल नाही. लग्न झाल्यापासून मी पुण्याला गेलो की स्वारगेटच्या लॉजवर उतरायचो. तिच्याकडे जेवलोच तर उठताना तिच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडायचो नाही. लोक हसायचे, मी माझ्या ताठ्यात खूश असायचो.

पण खरी मेख तिसरीच होती. ती अश्विनीने हळूच सांगितली. लग्न झालेल्या बाईला कार्डावर आई-वडील घेता येतात किंवा सासू-सासरे, दोन्ही नाही. आणि निवड बदलायची मुभा एकदाच.

"मग सध्या कोण आहे?" मी विचारलं.

"आबा."

आबा म्हणजे आमचे व्याही. साताऱ्याकडचे, एसटीत मेकॅनिक होते. बायको लेकाच्या लग्नाआधीच गेलेली, राहतात लेकाकडे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट टाकलेला, सुनेच्याच कार्डावर. महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, सगळं त्याच कार्डावर चालू. जावयाच्या कंपनीचा विमा नवरा-बायकोपुरता. म्हणजे मी चढायचं तर आबांना उतरायला लागणार, आणि एकदा उतरले की परत चढता यायचं नाही.

"नको," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

शुक्रवार

त्यानंतर अश्विनीचे फोन आले की मी मंगलकडे द्यायचो. सहावी किमो झाली. दिवस पुढे पळत होते आणि मी काही ठरवत नव्हतो. बघू, होईल काहीतरी, असं म्हणत होतो. खरं सांगायचं तर मला मरायची भीती वाटत होती, आणि मागायचीही तेवढीच.

एका शुक्रवारी दुपारी, मशिदीतून लोक घरी परतत असताना, मंगलने माझ्यासमोर पेजेची वाटी ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

"चेडवाक काय सांगूचा?"

"सांगलंय मा एकदा. चेडवाच्या सासऱ्याचा कार्ड काडून घेव मी? माका जमाचा नाय. आणि तिच्या घरात डिपेंडंट म्हणान रवाचा तर त्याहून नाय. माका काय मान आसा की नाय?"

मंगल भांडणारी बाई नाही. तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

"मी ह्या देशात तुमच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणान रवलंय. कार्डार तसा लिवलेला होता. दुकानात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे दाखवलंय. माका कधी लाज वाटाक नाय. ती लाजेची गोष्ट आसा, ह्या तुमी माका आज सांगतास?"

मी पेजेत चमचा फिरवत होतो.

"आणि तुमी मेल्यार तो मान माका खय ठेवूचो?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. मी ती पेज गार होईपर्यंत बसून राहिलो. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण आलं रडू. ऑपरेशनच्या आधी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. बऱ्याच वेळाने मी आत जाऊन म्हटलं, "चेडवाकडे नाय. आधी आबांकडे बोलूक होया. त्यांचा कार्ड त्यांका इचारल्याशिवाय तिने काडल्यान तर माका चलाचा नाय."

"मग करा फोन," ती हात पुसत म्हणाली.

आबा

फोन करायला मला आणखी दोन दिवस लागले. मुलीच्या बापाने व्याह्याकडे काही मागायचं, आणि तेही हे! साखरपुड्यापासून आमचं बोलणं पाऊसपाणी आणि तब्येत यापलीकडे कधी गेलं नव्हतं. तब्येतीचा विषयही "बरं आहे ना, बरं आहे" इतकाच.

हातमोजे घालून नंबर दाबता येईना, म्हणून मंगलने लावून दिला आणि तिथेच उभी राहिली.

"आबा, सदानंद बोलतोय. बहरीनहून."

"बोला की पाव्हणं. तब्येत काय म्हणतीया?"

मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. करार, तारीख, उरलेल्या किमो, कार्डाचा नियम. बदल एकदाच होतो, हेही सांगितलं, कारण त्यांना ते माहीत नसलं तर मी फसवल्यासारखं झालं असतं. शेवटी म्हणालो, "तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्या मनात काही येणार नाही. अश्विनीलाही मी तसं सांगेन."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, मग तो बंद झाला.

"पाव्हणं," आबा म्हणाले, "खोटं कशाला बोलू? मलाबी भ्या वाटतंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या दिशी छातीत कळ आली, तवा पोरीनं ऑफिसातनं धावत यिऊन समदं केलं. कार्ड व्हतं म्हून वाचलो. रोज गोळी घेताना मनात येतं, ह्ये कार्ड नसतं तर? आन् आता तुमी म्हंताय, ते सोडा."

"सोडू नका," मी म्हणालो. खरंच म्हणालो. त्या क्षणी मला त्या माणसाकडून काही घ्यायची हिंमत नव्हती. मंगलने डोळे मिटून घेतले.

"थांबा, माझं बोलणं झालं न्हाय," आबा म्हणाले. त्यांच्या श्वासाचा आवाज फोनवर येत होता. "तुमचं दुखणं दारात यिऊन हुभं ऱ्हायलंय. माझं आजून वाटंवर हाय. कवा येईल, येईल का न्हाय, कुनाला ठावं. दारातल्याला आदी बघू."

"आबा..."

"आन् एक. आमच्यात पाव्हणा लॉजवर उतरत न्हाय. नातवंडाचं निमित्त सांगू नगा, ते पोरीला लागतं. तुमाला म्हाईत न्हाय, मला म्हाईत हाय."

मला ते खरोखरच माहीत नव्हतं. मी ताठ मानेने लॉजवर झोपायचो, आणि माझी मुलगी त्याचा अर्थ वेगळाच लावून घ्यायची, की आपल्याला मूल नाही हे बाबा दर वेळी दाखवून देतात. फोन ठेवल्यावर मी मंगलला विचारलं, तुला माहीत होतं? तिने मानेनेच हो म्हटलं.

निरोप

सातवी किमो झाली. सिस्टर जिन्सीने माझ्या पोर्टची माहिती एका कार्डावर लिहून दिली आणि बजावलं, "अंकल, ये पर्स में. बॅग में नहीं." तुम्हीही हे लक्षात ठेवा. कंपनी सुटण्याआधी स्कॅनच्या सीडी, बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, आणि कुठलं औषध किती दिलं त्याचा कागद स्वतः मागून घ्या. एकदा देश सुटला की तिथे फोन उचलायला कोणी आपलं नसतं. खजूरवाल्या आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात गरम होते, बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी अबू खालिद स्वतः विमानतळावर सोडायला आले. गाडीत त्यांनी आपणहून एसी बंद केला आणि काचा खाली केल्या. पंचेचाळीस डिग्रीत सूट घातलेला तो माणूस घाम पुसत गाडी चालवत होता. बहरीनची शेवटची आठवण माझ्याजवळ ती आहे.

पुणं

कार्ड वेळेवर झालं नाही. अर्ज गेला होता, आबांचं नाव कमी झालं होतं, आणि आमचं अजून चढलं नव्हतं. म्हणजे त्या घरात दोन आजारी म्हातारे होते आणि सरकारदरबारी दोघंही कुणाचे नव्हते. आठव्या किमोची तारीख आली आणि गेली. मी पोर्टवर हात ठेवून बसायचो. आबा बाल्कनीत येरझाऱ्या घालायचे आणि थांबून थांबून विचारायचे, "आलं का काय?" अश्विनी रोज ऑफिसातून फोन करायची, आवाजात रडू दाबलेलं. मला वाटायचं, आता आबांच्या छातीत कळ आली तर मी या घरात तोंड कसं दाखवू? माझ्या दुखण्यापेक्षा त्या दिवसांत मी त्यालाच जास्त भ्यायलो.

मग एका दुपारी कार्ड झालं. दुसऱ्याच दिवशी मला हॉस्पिटलात दाखल केलं. उरलेल्या किमो तिथे पूर्ण झाल्या. रांगा लांब होत्या, रेफरलसाठी फेऱ्या होत्या, पण औषध तेच होतं आणि कुणी "कधीपर्यंत" विचारलं नाही. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, तपासत राहू.

आता आम्ही अश्विनीच्याच घरी राहतो. माझ्या गोळ्या दवाखान्याच्या खिडकीवर कार्ड दाखवून मिळतात. आबांच्या आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून पैसे मोजून आणतो. त्यांना मी कधी काही बोलत नाही आणि ते मला बोलू देत नाहीत. पण ते माझ्यापेक्षा उशिरा उठतात. मंगल सकाळी चहा ठेवते, कप माझ्यासमोर सरकवते, आणि त्यांच्या खोलीच्या दाराची कडी वाजेपर्यंत तो मला उचलवत नाही.